शंका-समाधान : शाळा बारमाही, सुट्टी तुकड्यातुकड्यांनी

या महिन्याचे जवळपास सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. उन्हाळ्याची लांब सुट्टी मोडून ती वर्षभर विखरायची, म्हणजे शाळा बारमाही करायची, हा अमेरिकेतला प्रयोग. काही प्रश्न त्या शाळांत मुलं असलेल्या पालकांचे आहेत, काही इथल्या मुख्याध्यापकांचे. उत्तरं देताना भर शाळा चालवणाऱ्यांना काय वाटतं यावर ठेवला आहे, कारण वेळापत्रक कागदावर मांडणं सोपं. खोल्या, बस आणि माणसं त्यात बसवायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं.

प्रश्न : आम्ही नुकतेच मॉरिसव्हिलला राहायला आलो. मुलगी दुसरीत. शाळेचं पत्र आलं, त्यात ‘इयर-राउंड, ट्रॅक 3’ असं लिहिलंय. म्हणजे तिला सुट्टीच नाही का? आणि हा ट्रॅक काय प्रकार?
– एक पालक, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : सुट्टी आहे, आणि शाळेचे दिवसही इतर मुलांइतकेच आहेत. तुमच्या वेक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जी पद्धत चालते तिला ‘45-15’ म्हणतात. 45 दिवस शाळा, 15 दिवस सुट्टी; यात शनिवार-रविवार धरलेले नाहीत. म्हणजे नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी. असे चार फेरे झाले की 180 दिवस भरतात. आठवड्यांत मोजायचं तर 36 शाळेचे, 12 सुट्टीचे, आणि उरलेल्या चारांत नाताळ व इतर सामायिक सुट्ट्या. (राज्याचा कायदा 185 दिवस किंवा 1,025 तास असा पर्याय देतो, त्यामुळे नेमका आकडा थोडा इकडेतिकडे होतो.)

आता ट्रॅक. शाळेतल्या सगळ्या मुलांचे चार गट पाडतात. कुठल्याही दिवशी तीन गट शाळेत, एक घरी. तीन आठवड्यांनी घरचा गट परत येतो आणि दुसरा बाहेर पडतो. घरी जाण्याला ‘ट्रॅक-आउट’ म्हणतात, परतण्याला ‘ट्रॅक-इन’. चारही ट्रॅकांचा अभ्यासक्रम एकच, शिक्षक मात्र वेगळे; शिक्षकही आपल्या मुलांबरोबरच सुट्टीवर जातात. वेकमध्ये सर्वांत जास्त मागणी ट्रॅक 4 ला असते, कारण त्याची सुट्टी नेहमीच्या उन्हाळी सुट्टीच्या सर्वांत जवळ जाते.

एक गोष्ट लगेच पाहून घ्या. काही शाळांत चार ट्रॅक नसतात. सगळी शाळा एकाच ट्रॅकवर चालते. तुमच्या पत्रात ट्रॅकचा क्रमांक आहे म्हणजे तुमची शाळा बहुट्रॅक असण्याची शक्यता जास्त. पण शाळेच्या कचेरीत विचारून खात्री करा, कारण पुढची बरीचशी उत्तरं याच फरकावर अवलंबून आहेत.

प्रश्न : आमच्या प्रिन्सिपल बाई या वेळापत्रकाचं तोंड भरून कौतुक करतात. शेजारच्या शाळेचे प्रिन्सिपल मात्र त्याच पद्धतीला कंटाळलेत. खरं कोणाचं मानायचं?
– केरी, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : दोघांचंही. नाव एक असलं तरी ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असणार. एकट्रॅक शाळेत सगळी मुलं एकदम येतात, एकदम सुट्टीवर जातात. बदल फक्त सुट्टीच्या वाटणीचा. बहुट्रॅक शाळेत इमारत जवळजवळ कधीच रिकामी होत नाही. पहिली पद्धत शिकण्यासाठी म्हणून आणली जाते, दुसरी जागा पुरत नाही म्हणून. मुख्याध्यापकांचा सूर ऐकून शाळा कोणत्या प्रकारची आहे हे बहुतेक वेळा ओळखता येतं.

जागेचा हिशेब असा. 750 मुलांची इमारत आहे. 1,000 मुलांचे 250चे चार गट केले तर एका वेळी 750च आत असतात. नवी वीट न रचता एकतृतीयांश मुलं जास्त मावली. शिक्षण मंडळाला हा आकडा गोड वाटतो. पण तो कागदावरचा. प्रत्यक्षात इयत्तेला चाराने नीट भाग जावा लागतो. तिसरीच्या पाच तुकड्या असतील तर चार ट्रॅकांत कशा बसवणार? एका ट्रॅकवर दोन, बाकीच्यांवर एकेक, आणि मग एखाद्या ट्रॅकवर दुसरी-तिसरीचा जोडवर्ग. त्यात नॉर्थ कॅरोलिनात तिसरीपर्यंतच्या वर्गांना पटाची सक्त मर्यादा आहे, सरासरी सोळा ते अठरा मुलं. एका ट्रॅकवर दोन मुलं वाढली तर शेजारच्या ट्रॅकवर जागा असूनही उपयोग नाही, कारण पालकांनी त्या ट्रॅकप्रमाणे वर्षाची आखणी केलेली असते.

खोल्यांचं गणित त्याहून चिवट. चार शिक्षक, तीन खोल्या. अ सुट्टीवर असताना ड अ-च्या खोलीत शिकवतो. तीन आठवड्यांनी अ परत येतो, ब बाहेर पडतो. ड सामान उचलून ब-च्या खोलीत. मग क-च्या. मग तो स्वतः सुट्टीवर. म्हणजे तिघांना वर्षभर आपली खोली, आणि चौथा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा. याला तिकडे ‘रोव्हर’ म्हणतात. जाणते मुख्याध्यापक नव्या शिक्षकाला कधीच रोव्हर करत नाहीत. पहिल्या वर्षी वर्गावर पकड बसवायची की दर तीन आठवड्यांनी कपाट ढकलायचं? पण जुने शिक्षक ही जागा घेत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती नव्याच्याच माथी येते आणि दोन वर्षांत तो बदली मागतो.

बदलाच्या शुक्रवारी अशा शाळेत काय चालतं? शेवटचा तास संपायच्या आधीच मुलांच्या वह्या, रंग, स्वेटर प्लॅस्टिकच्या खोक्यांत भरून त्यावर नावाची पट्टी लावलेली असते. शिक्षकाची चाकांची कपाटं दाराशी. भिंतीवरचे तक्ते अर्धेच काढायचे, कारण अर्धी भिंत खोलीमालकाची, अर्धी पाहुण्याची. कुंड्या आणि माशांची टाकी कोणाकडे द्यायची हा वेगळा प्रश्न. सोमवारी सकाळी दुसरा वर्ग आत. इथे एक साधी चूक फार महाग पडते : पाचवीचा वर्ग पहिलीच्या खोलीत टाकणं. पहिलीच्या खुर्च्या बुटक्या; दहा वर्षांच्या मुलाचे गुडघे टेबलाला लागतात. म्हणून तीन खोल्यांचा फेरा एकाच इयत्तेत, फार तर लागून असलेल्या दोन इयत्तांत ठेवतात. ही आखणी जूनमध्ये चुकली तर वर्षभर टेबल-खुर्च्यांची वाहतूक करत बसावं लागतं.

बाकी कुरबुरी बाहेरच्यांना दिसत नाहीत. शिक्षकांच्या बैठकीला चौथा हिस्सा कायम गैरहजर, म्हणून तीच गोष्ट दोनदा सांगा नाहीतर टिपणं पाठवा. आगीच्या सरावाचा एकच दिवस धरून चालत नाही, कारण त्या दिवशी घरी असलेल्या ट्रॅकला बाहेर पडण्याची वाट कळत नाही. प्रगतिपुस्तकाच्या तारखा वेगवेगळ्या. फोटोचा दिवस दोनदा. राज्याच्या परीक्षा वर्षाच्या शेवटच्या दिवसांत घ्यायच्या, पण प्रत्येक ट्रॅकचा शेवट वेगळा, म्हणजे प्रश्नपत्रिकांची गोपनीयता आठवडेच्या आठवडे सांभाळायची. आणि फरशी! अमेरिकन शाळांत उन्हाळ्यात फरशीवरचा जुना मेणाचा थर काढून नवा देतात, त्यासाठी खोली काही दिवस पूर्ण रिकामी लागते. बहुट्रॅक शाळेत असे दिवस मिळतात ते फक्त नाताळात आणि दोन शैक्षणिक वर्षांच्या सांध्यात. वातानुकूलन यंत्रणेची मोठी दुरुस्तीही तेव्हाच. जुलैत यंत्र बंद पडलं तर दुरुस्ती मुलं आत असतानाच करावी लागते.

शिक्षक आळीपाळीने सुट्टीवर जातात, पण मुख्याध्यापकाचा ट्रॅक-आउट कुठे असतो? त्याची नेमणूक बारा महिन्यांची असते आणि शाळा कधी मिटत नाही. बहुट्रॅक शाळांच्या मुख्याध्यापकांची ही सर्वांत जुनी तक्रार. त्यावर उपाय एकच टिकतो : दोन उपमुख्याध्यापकांना ट्रॅक वाटून द्यायचे, आणि मुख्याध्यापकाची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच तारखेसकट लिहून टाकायची.

एक फायदा मात्र बहुट्रॅक शाळांचे मुख्याध्यापकही आनंदाने सांगतात. ट्रॅक-आउटवर असलेला शिक्षक बदली शिक्षक म्हणून मिळतो. शाळेची पद्धत ठाऊक असलेला माणूस ऐन वेळी उभा राहिला की कोणालाही हायसं वाटतं.

प्रश्न : मोठा मुलगा हायस्कूलमध्ये, नेहमीच्या वेळापत्रकावर. धाकटी ट्रॅक 2 वर. भारतात कधी जायचं?
– एक आई, केरी

उत्तर : वेकमध्ये बहुट्रॅक पद्धत प्राथमिक आणि मिडल स्कूलपुरतीच आहे. हायस्कूलला ती लावत नाहीत, कारण खेळांचे हंगाम, मे महिन्यातल्या एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या) आणि मुलांच्या उन्हाळी नोकऱ्या सगळं मोडतं. त्यामुळे तुमच्यासारखी दुभंगलेली घरं अनेक आहेत.

दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी पाहा. एक, नाताळची सामायिक सुट्टी धाकटीच्या ट्रॅक-आउटला चिकटून येते का. चारांपैकी ज्या ट्रॅकला ते साधतं त्याला सलग चार-पाच आठवडे मिळतात, आणि भारतवारीला हा सर्वांत सोयीचा काळ. दोन, जून-जुलैचा सांधा. मोठ्याची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला संपते, आणि धाकटीची अजून चालू असू शकते. तीन, पुढच्या वर्षी ट्रॅक बदलून मिळतो का. त्याचे अर्ज ठरलेल्या मुदतीत करावे लागतात आणि ट्रॅक 4 साठी रांग असते.

शाळा बुडवून जायचं ठरलं तर प्रवासाआधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. नॉर्थ कॅरोलिनात शैक्षणिक उपयोगाच्या प्रवासाला मुख्याध्यापक आधी मंजुरी देऊ शकतात. परत आल्यावर मागितली तर मिळेलच असं नाही. विनापरवानगी गैरहजेरी तीन दिवस झाली की शाळा कळवते, सहा झाल्यावर पत्र येतं, दहा झाल्यावर मुख्याध्यापकांना प्रकरण तपासावं लागतं. तिकीट स्वस्त म्हणून बारा दिवस जास्त राहणारे इथेच अडकतात.

गणपतीचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो : ट्रॅकच्या तारखा इंग्रजी महिन्यांना बांधलेल्या, सण तिथीला. एखाद्या वर्षी गणपती ट्रॅक-आउटमध्ये आले म्हणून पुढच्या वर्षीही येतील असं धरू नका.

प्रश्न : मुलांचं शिकणं यामुळे सुधारतं का? शाळेच्या सभेत ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असं सांगतात.
– फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : सिद्ध झालंय ते फार थोडं. संशोधक हॅरिस कूपर यांनी 1996 मध्ये जुन्या अभ्यासांची बेरीज मांडली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं साधारण एका महिन्याचं शिकलेलं गमावतात असा त्यांचा निष्कर्ष होता. सभेत सांगतात ते हेच. पण त्यांनीच 2003 मध्ये सहकाऱ्यांसह बदललेल्या वेळापत्रकांच्या शाळा तपासल्या, तेव्हा फरक निघाला प्रमाण विचलनाच्या फक्त 0.06 इतका. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल दोन जागा पुढे सरकेल, एवढाच. गरीब घरांतल्या मुलांना लाभ जरा जास्त दिसला. त्याच अभ्यासात हेही आढळलं की जे पालक आणि कर्मचारी या पद्धतीत प्रत्यक्ष आहेत, त्यांचं मत अनुकूल असतं.

पॉल फॉन हिपेल यांनी 2007 मध्ये वेगळाच धागा पकडला. बारमाही शाळेतली मुलं उन्हाळ्यात जास्त शिकतात हे खरं, पण उरलेल्या वर्षात तेवढंच कमी शिकतात. वर्षाची बेरीज तीच. दिवस तेच 180 असतील तर दुसरं काय होणार? नॉर्थ कॅरोलिनातल्या वेकवर तर थेट अभ्यास आहे. 2007 मध्ये वेक काउंटीने 22 शाळा एकदम सक्तीने बारमाही केल्या. मॅकमलन आणि राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या गुणांचा मागोवा घेतला. 2012 च्या त्यांच्या लेखात सरासरी मुलावर परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कॅलिफोर्नियातल्या बहुट्रॅक शाळांबद्दल जेनिफर ग्रेव्ह्ज यांना तर गुणांत किंचित घटच दिसली.

अनुभवी मुख्याध्यापक म्हणूनच वेगळा प्रश्न विचारतात : सुट्टीच्या तीन आठवड्यांत शाळा काय करते? त्या काळातल्या वर्गांना ‘इंटरसेशन’ म्हणतात. ऑक्टोबरमध्ये अपूर्णांक न जमलेल्या मुलाला ऑक्टोबरमध्येच आठवडाभर बसवता आलं तर वेळापत्रकाचा उपयोग. जूनपर्यंत थांबलं तर गाडी सुटलेली असते. पण इंटरसेशनला बस आणि जेवण नसेल तर जी मुलं यायला हवीत तीच येत नाहीत. येतात ती गाडीतून सोडली जाणारी. अंदाजपत्रकात शिक्षकांचं मानधन धरतात आणि बसचं डिझेल विसरतात, ही नेहमीची चूक. व्हर्जिनियातल्या होपवेल शहराने 2021 पासून सगळ्या शाळा या पद्धतीवर नेल्या, त्यातही इंटरसेशन हाच गाभा आहे.

प्रश्न : लॉस एंजेलिसमध्ये हे सगळं होतं आणि बंद केलं असं वाचलं. का बंद केलं?
– पुणे

उत्तर : कारण तिथे मुलांचे शाळेचे दिवसच कापले गेले होते. त्या पद्धतीचं नाव ‘कॉन्सेप्ट 6’. ट्रॅक चार नव्हे, तीन. दोन आत, एक बाहेर. त्यामुळे इमारतीत दीडपट मुलं मावत. पण वर्षाला 180 ऐवजी 163 च दिवस बसत. मिनिटं भरून काढायला रोजचा दिवस लांबवला. सतरा दिवसांचा गृहपाठ, सतरा रात्रींची झोप आणि मध्ये जिरवायला मिळणारा वेळ मिनिटांनी भरून निघत नाही, हे शिक्षकांना पहिल्या वर्षीच कळलं होतं.

तीन ट्रॅकांची दशाही सारखी नव्हती. प्रत्येक ट्रॅकला दोन-दोन महिन्यांच्या दोन सुट्ट्या, सहा महिन्यांच्या अंतराने. मधल्या ट्रॅकची सुट्टी सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलला पडे. म्हणजे ही मुलं जूनअखेर एक इयत्ता संपवून जुलैच्या सुरुवातीला पुढच्या इयत्तेत बसत. मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही. ज्यांची सुट्टी मे-जूनमध्ये, त्यांना मे महिन्यातली एपी परीक्षा वर्ग सुटल्यावर द्यावी लागे. शिवाय एखादा विशेष वर्ग एकाच ट्रॅकवर ठेवला की त्या विषयाची सगळी मुलं तिकडे जात. इंग्रजी शिकणारी मुलं एका ट्रॅकवर, हुशारांचे वर्ग दुसऱ्यावर, असं करताकरता एकाच छपराखाली दोन शाळा तयार होत. ठरवून नव्हे, सोयीने. बहुट्रॅक शाळेच्या मुख्याध्यापकाने दरवर्षी ट्रॅकनिहाय पट काढून भाषा, उत्पन्न, विशेष गरजा यांची वाटणी तपासावी असं म्हणतात, ते यासाठी.

विल्यम्स विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात 2004 मध्ये तडजोड झाली आणि कॉन्सेप्ट 6 जुलै 2012 पर्यंत संपवायचं ठरलं. दरम्यान रोख्यांतून पैसा उभा करून शहराने शंभराहून जास्त नव्या शाळा बांधल्या. खोल्या झाल्या, तसे ट्रॅक गेले. देशभरातही 2011-12 मध्ये सार्वजनिक शाळांपैकी सुमारे 4 टक्केच बारमाही होत्या.

वेकमधली कहाणी उलट दिशेने गेली. तिथे 2007 च्या सक्तीविरुद्ध पालक कोर्टात गेले, खालच्या कोर्टाने पालकांची संमती हवी म्हटलं, पण 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण मंडळाच्या बाजूने निकाल दिला. निकाल जिंकूनही मंडळाला नाराजी निस्तरावी लागली ती लागलीच.

प्रश्न : अमेरिकेतली लांब उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामांसाठी सुरू झाली ना?
– सांगली

उत्तर : सांगलीकरांनी तरी हा प्रश्न विचारायला नको होता! पेरणी वसंतात, कापणी शरदात; मग सुट्टी भर उन्हाळ्यात कशाला? एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यांतल्या शाळा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातच भरत. शहरांत त्या जवळजवळ वर्षभर चालू असत. शहरी उकाडा, सधन कुटुंबांचं उन्हाळ्यात बाहेरगावी जाणं आणि सगळीकडे एकच वेळापत्रक करण्याची धडपड, यांतून आजची सुट्टी आली.

प्रश्न : महाराष्ट्रात असं काही करता येईल का? विदर्भात मे महिन्यात शाळा भरवणं अशक्य, हे मान्य करूनच विचारतो.
– निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर

उत्तर : आधी एक फरक. अमेरिकेत उन्हाळी सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची. आपल्याकडे मेपासून जूनच्या मध्यापर्यंत, साधारण सहा आठवडे, आणि दिवाळीची वेगळी. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षाच्या एकूण सुट्ट्या 76 च्या वर जात नाहीत. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस व 1,000 तास मागतो. म्हणजे फोडण्याजोगी लांब सुट्टी आपल्याकडे मुळातच आखूड आहे.

आपली खरी गळती सुट्टीत नसून सुट्टीच्या आधी आहे. परीक्षा लवकर आटोपली की एप्रिलचा उत्तरार्ध हजेरीपटावर भरतो, वर्गात नाही. म्हणून 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिल अशा पुढे नेल्या. त्यावर मुख्याध्यापकांनी घेतलेल्या हरकती अगदी व्यवहारातल्या होत्या : 25 ला शेवटचा पेपर, 1 मेला निकाल, मध्ये उत्तरपत्रिका कोण आणि कधी तपासणार? विदर्भात दुपारचं ऊन? गावी जायची आधीच काढलेली तिकिटं? वेळापत्रक बदलताना शाळा चालवणाऱ्यांना आधी विचारलं नाही की काय होतं, त्याचा हा ताजा नमुना.

जागेच्या टंचाईला आपलं उत्तर जुनं आहे : सकाळ-दुपार अशी दोन सत्रं. खोल्या अमेरिकेतल्या ट्रॅकपेक्षा जास्त वापरल्या जातात, प्रत्येक मुलाला शाळा मात्र अर्धाच दिवस मिळते. चार ट्रॅक केले तर पूर्ण दिवस मिळेल, पण मग संचमान्यता कशी करणार? शिक्षकांची पदं पटावरून ठरतात. एका इयत्तेची चौथी तुकडी ट्रॅकसाठी वेगळी काढली तर त्या शिक्षकाचं पद मंजूर होईलच असं नाही. दुसरा अडसर रजेचा. शिक्षक दीर्घ सुट्टी मिळणाऱ्या विभागातले कर्मचारी, म्हणून त्यांची अर्जित रजा त्रोटक. सुट्टीत काम लावलं तर ती रजा देय होते. हा हिशेब आधी न केलेला प्रयोग सेवापुस्तिकेपाशी अडतो.

365 दिवस चालणाऱ्या शाळा आपल्याकडे आहेत. शिरूर तालुक्यातली कर्डेलवाडी, त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळी ही त्यांतली गाजलेली नावं. पण त्यांना बारमाही वेळापत्रकाचं उदाहरण म्हणू नये. तिथे सुट्टीची वाटणी बदललेली नाही. शिक्षकांनी स्वतःची सुट्टी सोडली आहे. शासन निर्णयाने ते दुसरीकडे उगवत नाही.

बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं मात्र वेगळा विचार मागतात. ती दिवाळीच्या आसपास फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या दृष्टीने शाळा नेमकी चुकीच्या महिन्यांत बंद असते. एखाद्या तालुक्यात वेळापत्रक हलवून पाहायचंच तर सुरुवात इथून व्हावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : आमची विनाअनुदानित शाळा आहे. एकाच ट्रॅकवर, सुट्टी चार ठिकाणी वाटून पाहायची आहे. आधी काय ठरवावं?
– संस्थाचालक, नाशिक

उत्तर : तारखा शेवटी ठरवा. आधी शिपाई, बसचालक आणि स्वयंपाकघर यांच्याशी बोला, कारण त्यांचे करार बहुधा दहा महिन्यांचे असतात आणि सुट्टीच्या महिन्यांत ते दुसरीकडे काम धरतात. मग पालकांना एकच प्रश्न विचारा : ऑक्टोबर आणि जानेवारीतल्या जादा सुट्टीत मूल कोणाजवळ राहील? ‘कल्पना आवडली का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात आणि पहिल्याच ऑक्टोबरमध्ये फोन सुरू होतात. मूल ठेवायला कोणी नाही असं सांगणारी घरं पाचातलं एक निघाली, तर सुट्टीतला पूर्ण दिवसाचा वर्ग तुम्हालाच चालवावा लागेल. त्याचं शुल्क आणि ते न परवडणाऱ्यांची सोय प्रवेशाच्या पत्रकातच छापा.

दहावीला यातून वगळा. मंडळाच्या परीक्षेची तारीख तुमच्या हातात नाही. शिक्षकांना वर्षाचं वेळापत्रक किमान सहा महिने आधी द्या. त्यांचीही मुलं दुसऱ्या शाळांत असतात. रंगकाम, गळती, स्वच्छतागृहांची डागडुजी ही कामं आतापर्यंत मे महिन्यावर ढकललेली असतील. ती चार सुट्ट्यांत कशी विभागायची याची यादी गवंड्याबरोबर बसून करा. ओलाव्यात प्लास्टर वाळत नाही, तेव्हा पावसाळ्यातल्या सुट्टीच्या खात्यावर गिलाव्याचं काम लिहू नका.